ड्रॉइंगवर पाइपच्या आट्यांचे माप नेमके कसे लिहावे?

आपला प्रश्न असा आहे: व्हॉल्व्ह बॉडीच्या ड्रॉइंगवर आतल्या आट्यांसाठी ‘१/२ इंच बीएसपी’ (बीएसपी म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड पाइप, पाइपच्या आट्यांची ब्रिटिश पद्धत) एवढेच लिहिले म्हणून तपासनिसाने ते परत पाठवले, आता व्यास २०.९५५ मिमी असे माप टाकावे, की १/२ तसेच ठेवून आणखी काही जोडावे?

तपासनिसाचे बरोबर आहे, आणि व्यास टाकण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. पाइपच्या आट्यांतील ‘अर्धा इंच’ हे माप नसून नाव आहे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, पण हे आटे कोठेही मोजले तरी १२.७ हा आकडा हाती लागत नाही. हे नाव पूर्वी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडले आणि आट्यांना ते तसेच चिकटून राहिले. म्हणूनच त्याच्यापुढे व्यासाचे चिन्ह लावू नये, त्याचे ०.५ किंवा १२.७ असे रूपांतर करू नये आणि ते परिमाणरेषेवर न बसवता आट्यांपासून बाण काढून त्याच्या टोकाशी लिहावे.

नाव एकच असले तरी घराणी वेगळी आहेत, आणि खरा घोळ इथेच होतो. ब्रिटिश घराण्यातील अर्धा इंची आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी, तर अमेरिकन एनपीटी (नॅशनल पाइप टेपर, म्हणजे निमुळते आटे) अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास २१.३३६ मिमी असतो. पहिल्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा, दुसऱ्यात ६० अंशांचा. पण दोन्हींत एका इंचात आटे १४च. पाऊण इंचीचेही तसेच. एक इंचीला मात्र ब्रिटिश ११ आणि अमेरिकन साडेअकरा असल्यामुळे चूक लगेच उघडी पडते. मी स्वतः एकदा ‘१/२ इंच पाइप थ्रेड, इंचाला १४ आटे’ असे लिहून मोकळा झालो होतो आणि मला ते फार काटेकोर वाटले होते. कारागिराने एनपीटीचा टॅप (आतले आटे पाडणारे हत्यार) फिरवला, जोडायचा भाग ब्रिटिश आट्यांचा होता. तो हाताने दोन-तीन फेरे गेला, मग पाना लावल्यावर घट्टही झाला, आणि पाण्याच्या दाब-चाचणीत टेपचे कितीही वेढे दिले तरी आट्यांच्या वळशावळशाने पाणी झिरपत राहिले. त्यात कारागिराचा काहीही दोष नव्हता. मी दिलेले वर्णन दोन्ही आट्यांना लागू पडत होते.

‘बीएसपी’ हे बोलण्यापुरते ठीक आहे, पण त्यात निमुळते आणि समांतर असे दोन्ही प्रकार येतात, आणि गळती कोण थांबवणार हे त्यावरून कळत नाही. ड्रॉइंगवरचे अक्षर नेमके हेच सांगते. (मी इथे देवनागरीत लिहीत आहे, ड्रॉइंगवर ती रोमन अक्षरेच हवीत.) सांधा आट्यांवरच, टेप किंवा लेप लावून, बंद होणार असेल तर आयएसओ ७-१ हे आंतरराष्ट्रीय मानक लागू होते: बाहेरच्या निमुळत्या आट्यांना ‘आर’, आतल्या निमुळत्यांना मोठा आर व लहान सी म्हणजे ‘आरसी’, आणि आतल्या समांतर आट्यांना ‘आरपी’. आटे फक्त धरून ठेवणार आणि गळती वॉशर किंवा ओ-रिंग थांबवणार असेल, तर आयएसओ २२८-१ मधील ‘जी’ लिहावे. ‘जी’च्या बाहेरच्या आट्यांना ‘ए’ किंवा ‘बी’ हा वर्ग जोडावा लागतो, जसे जी १/२ ए. ‘ए’ची सहनमर्यादा (मापात चालणारा फरक) ‘बी’च्या निम्मी असते. आतल्या आट्यांना वर्ग एकच, म्हणून तिथे नुसते जी १/२ पुरते. अमेरिकन आट्यांसाठी एएसएमई बी१.२०.१ प्रमाणे १/२-१४ एनपीटी असे लिहावे.

आता २०.९५५ का नको, ते पाहू. निमुळते आटे व्यासात १६ला १ या प्रमाणात बारीक होत जातात. बाहेरच्या आर १/२ मध्ये २०.९५५ हा व्यास टोकाशी नसून टोकापासून ८.२ मिमी आत असलेल्या गेज-प्रतलावर, म्हणजे आट्यांचा व्यास जिथे धरला जातो त्या पातळीवर, असतो. टोकाशी तोच साधारण २०.४४ मिमी भरतो. ड्रॉइंगवर एकच व्यास दिला तर तपासणारा कॅलिपर कुठे लावेल? निमुळत्या आट्यांचा आकार गेज (तपासणीचा आटेदार नमुना) किती आत जाते त्यावरून ठरतो, आणि त्या मर्यादा मानकात दिलेल्याच असतात. म्हणून आरसी १/२ सारख्या खुणेसोबत मानकाचा क्रमांक द्यावा, म्हणजे व्यास, अंतर, कोन वेगळे लिहावे लागत नाहीत. समांतर आट्यांना मात्र पूर्ण आटे किती खोलीपर्यंत हवेत ते स्वतंत्र मापाने द्यावे. ते खुणेत येत नाही.

आपल्या व्हॉल्व्ह बॉडीत पाइप टेप लावून बसणार असेल तर ‘आयएसओ ७-१, आरसी १/२’ लिहावे. वॉशर दाबून बसणार असेल तर ‘आयएसओ २२८-१, जी १/२’ लिहून तोंडाशी वॉशरसाठी सपाट बैठक, तिचा व्यास आणि आट्यांच्या अक्षाशी तिची लंबता दाखवावी. ती राहून गेली, तर आटे बिनचूक असूनही सांधा गळेल. डावे आटे असतील तर शेवटी ‘एलएच’ जोडावे. दीड इंचीच्या वेळी एक आणि अर्धा यांतील जागा छापल्यावर दिसते ना, हे कागदावर पाहून घ्यावे, कारण ती मिटली की १ १/२ चे ११/२ होते आणि वाचणारा साडेपाच इंची पाइप शोधू लागतो.