ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी

तुझा मेसेज वाचला. आधी तो रडका इमोजी काढून टाक, सीईटीला ८६ पर्सेंटाइल म्हणजे सगळं संपलं असं तुला कोणी सांगितलं काय माहित, शेजारच्या काकूंनीच असणार.

तुझे पप्पा, म्हणजे आमचे काका, म्हणतायत ना, इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म (हव्या त्या कॉलेज-ब्रांचची क्रमाने यादी) तालुक्याच्या कॅफेत जाऊन भरून येऊ, तो पोरगा दरवर्षी शेकडो भरतो. नको. माझा असाच भरला होता. दुकानात दहा-बारा पोरं ताटकळलेली, पप्पा बाहेर गाडीवर बसलेले, आणि त्या माणसाने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मार्क किती?" मी सांगितले तर त्याने "हे शंभर टक्के लागतंय" म्हणून एक कॉलेज सगळ्यात वर टाकलं, पासवर्डही त्यानेच ठेवला. लागलं की! सरकारी प्रवेशाच्या पहिल्याच राउंडला लागलं आणि सीट ऑटो फ्रीज, म्हणजे आपोआप पक्की झाली, कारण एक नंबरचा ऑप्शन मिळाला की पुढचे राउंड आपल्यासाठी बंद. दुसऱ्या राउंडला मला हवी असलेली ब्रांच माझ्यापेक्षा चार मार्क कमी असलेल्या पोराला मिळाली. तो अजून मला चहा पाजतो, बिचारा.

तर यादी कटऑफ बघून वर-खाली करायची नाही, तुला जे सगळ्यात जास्त हवंय ते एक नंबर, मग दोन, मग तीन. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जातं हे साफ खोटं आहे, तुझा मेरिट नंबर आला की कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो आणि जी पहिली रिकामी सीट सापडेल ती देतो, बस. उलट २०२५ पासून दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी काहीही लागलं तरी फ्रीज होतं, म्हणजे नको असलेलं नाव 'असू दे' म्हणून वर ठेवलंस तर तेच गळ्यात पडणार. जिथे जायचंच नाही ते टाकूच नकोस.

आता काकांचं. त्यांना कॉम्प्युटर हवंय कारण मावशीच्या मुलाला पॅकेज मिळालं, तुला इलेक्ट्रिकल. यावर भांडू नकोस, त्यांना पैशाचं टेन्शन आहे आणि ते बोलत नाहीत एवढंच. त्यांना ८ जुलै २०२४ चा जीआर, म्हणजे सरकारी आदेश, दाखव. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, पूर्ण. पण सीट कॅप राउंडमधूनच, म्हणजे या सरकारी प्रवेश फेऱ्यांतूनच, मिळालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला हे नाही. म्हणजे 'काही नाही लागलं तर डोनेशन देऊन घेऊ' हे त्यांच्या डोक्यात असेल तर ते दुप्पट महाग पडणार, हे त्यांना तू नाही, मी सांगतो. हॉस्टेल, मेस आणि कॉलेजची बाकीची किरकोळ फी मात्र आपल्यालाच भरायची, तो आकडा वहीत वेगळा लिही.

कागदांचं थोडक्यात: नॉन क्रीमी लेयर दाखल्यावरची तारीख आजच बघ, पुढच्या ३१ मार्चपर्यंत व्हॅलिड लागतं, संपलेलं असेल तर उद्या सकाळीच सेतूत जा, कारण निकालानंतर तिथे जत्रा असते. कास्ट व्हॅलिडिटी आली का तेही काकूला विचार. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे ना, स्कॉलरशिप तिथेच अडकते.

मेस कशी असते, एम वन (पहिल्या सेमचं गणित) अवघड असतं का, रूममेट कशी मिळेल, ते सगळं ऑगस्टमध्ये बोलू, आत्ता त्याचा विचार करून झोप घालवू नको.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येतोय. तोवर वहीत वीस नावं लिहून ठेव, पेन्सिलने, आणि काकांना सांग की रविवारी दुपारी शेतावर जायचं नाही. लॅपटॉप मी आणतो, पासवर्ड तू टाक.