राहायचे कोठे हे ठरवण्याआधी थोडे राहून पाहावे

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. हिंजवडीची नोकरी, बेंगळुरूची नोकरी आणि इथे नाशिकच्या अंबडला सध्या चालू असलेली नोकरी, या तिन्हींचा पगार, घरभाडे आणि शिल्लक मांडून तू केलेला तक्ता मी दोनदा वाचला. आकडे चोख आहेत. परंतु राहण्याचे ठिकाण ठरवायला ते पुरेसे नाहीत, आणि जोडून आलेल्या सुट्टीत दोन्ही शहरे पाहून येण्याचा तुझा जो बेत आहे, त्यानेही ती उणीव भरून निघेल असे मला वाटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहीत आहे.

माझी सगळी नोकरी बँकेतली आणि बदलीची. जळगाव, सोलापूर, अहमदाबाद, हैदराबाद असे बिऱ्हाड हलवत आम्ही नाशिकला स्थिरावलो. इतक्या ठिकाणी संसार मांडल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. कोणतेही शहर पाहुण्याला एक दिसते आणि तिथल्या भाडेकरूला दुसरेच दिसते, आणि तुला तिथे भाडेकरू म्हणून राहायचे आहे. शनिवार-रविवारी पुण्यात उतरून लक्ष्मी रस्त्यावर फिरणे किंवा बेंगळुरूला कब्बन पार्कात सकाळ घालवणे म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम होय. त्यात दोन्ही बाजू चांगले कपडे घालून बसलेल्या असतात. तू रजा टाक आणि सोमवार ते गुरुवार असे कामाचे दिवस धरून जा. फिरायला म्हणून न जाता, तिथे नोकरी लागून महिना झाला आहे असे समजून ते दिवस काढ.

पुण्यापासून सुरुवात कर. ठक्कर बाजार बसस्थानकातून बस धर आणि शिवाजीनगरपर्यंत न जाता नाशिक फाट्याला उतर, कारण तुझा पुढचा सगळा व्यवहार पिंपरी-चिंचवडच्या बाजूलाच राहणार आहे. वाकडला किंवा ताथवड्याला एखाद्या पेइंग गेस्टमध्ये चार रात्रींची सोय होते का ते विचार. मग रोज सकाळी कंपनीत पोहोचण्याच्या वेळेच्या हिशेबाने निघ, फाटकापर्यंत जा आणि संध्याकाळी सुटणाऱ्या गर्दीतूनच परत ये. हिंजवडीच्या पहिल्या टप्प्यातील कचेरी आणि तिसऱ्या टप्प्यातील कचेरी यांत नकाशावर थोडेच अंतर दिसते, परंतु संध्याकाळच्या वेळी ते अंतर किती मोठे होते हे त्या गर्दीत उभे राहिल्याशिवाय कळत नाही. त्या प्रवासानंतर तुझ्या अंगात स्वयंपाक करण्याचे, एखादे पान वाचण्याचे, आईला फोन करण्याचे त्राण उरते का, हे चारही दिवस लिहून ठेव. तुझ्या तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही आणि माझ्या मते तो सर्वांत पहिला हवा.

बेंगळुरूच्या बाबतीत क्रम थोडा वेगळा ठेवावा लागेल. तिथे कचेरी ज्या भागात असेल त्यावर घर ठरते, आणि घर कोठे आहे यावर संध्याकाळ. तुझी कंपनी व्हाइटफील्डला आहे. तिथपर्यंत मेट्रोची जांभळी मार्गिका २०२३ मध्ये पूर्ण झाली आहे, तेव्हा त्या मार्गिकेवरील एखाद्या स्थानकापासून पायी जाता येईल अशीच वस्ती बघ, मग भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल. बाह्य वळण रस्त्यावरून रोज कंपनीच्या बसने जाणे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांचे हाल तू सहकाऱ्यांकडून ऐकलेच असशील. हवा मात्र खरोखर चांगली आहे, आणि नाशिकचा हिवाळा अंगवळणी पडलेल्या माणसाला ती नक्की मानवते. उलट पाण्याची बाजू नीट पारखून घे. २०२४ च्या उन्हाळ्यात त्या शहरातील कूपनलिका मोठ्या प्रमाणावर आटल्या आणि सुशिक्षितांच्या उंच इमारतींपुढेही टँकरच्या रांगा लागल्या, ही गोष्ट जुनी झालेली नाही. म्हणून तुझी फेरी मे महिन्यातच व्हावी असे मी म्हणतो. पाण्याचे खरे रूप मे महिन्यात दिसते आणि रस्त्यांचे जुलैत. दोन्ही वेळा जाणे जमत नसेल तर मे पकड.

घर पाहायला गेलीस की दलालाच्या बोलण्याकडे थोडे कमी आणि न्हाणीघराकडे थोडे जास्त लक्ष दे. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आतल्या कडेला पांढरा, खरखरीत थर जमलेला असेल तर ते पाणी क्षाराचे, म्हणजे बहुतेक कूपनलिकेचे किंवा टँकरचे आहे. ते केसांना, कपड्यांना आणि गिझरला सोसत नाही. पाणी किती वाजता येते आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे पडतात का, हे घरमालकाला विचारण्याआधी खालच्या रखवालदाराला विचार. खोलीच्या मधोमध उभी राहून फोन लावून बघ. रात्री नऊनंतर बसथांब्यापासून त्या घरापर्यंत एकटी चालत ये, त्या वाटेवर कोणती दुकाने उघडी असतात, दिवे कुठे लागतात आणि कुठे नाही, ते डोळ्यांनी पाहा. जवळचे रुग्णालय आणि रात्री उघडे असणारे औषधाचे दुकान शोधून ठेव. परगावी एकट्या माणसाला ताप आला की त्या शहराची खरी ओळख होते, आणि ती ओळख तयारी नसताना होऊ नये.

आता नाशिकविषयी, कारण तुझ्या तक्त्यातील सर्वांत कच्ची बाजू मला तीच वाटली. नाशिकच्या रकान्यात तू घरभाडे शून्य आणि जेवण शून्य धरले आहेस. इंदिरानगरात आई-वडिलांच्या घरी राहणे आणि नाशिकला राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुणे आणि बेंगळुरू यांची तुलना नाशिकशी करायची असेल, तर पाथर्डी फाट्याला किंवा सिडकोत स्वतःच्या नावाने भाड्याने घेतलेल्या खोलीशी, स्वतः भरलेल्या विजेच्या बिलाशी आणि स्वतः लावलेल्या डब्याशी कर. तेवढे केल्यावरही नाशिक स्वस्तच ठरेल, परंतु किती स्वस्त हे कळेल, आणि तुला जे सोडवत नाही ते नाशिक आहे की आईच्या हातचे जेवण, तेही कळेल. दोन्हीचे मोल मोठे आहे. पण निर्णय घेताना ते एकाच खात्यावर जमा करू नये. त्याचबरोबर जे शहर तू वीस वर्षे पाहिले तेच पुढेही राहील असे धरू नकोस. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट यांची कामे निघाली आहेत, आणि इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून मुंबई पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. नाशिक बदलत आहे, आणि त्या बदलात तुझ्या कामाला जागा किती, हेही तुला इथल्याच लोकांशी बोलून तपासावे लागेल.

एक चौथा मार्ग तू लिहिलेला नाहीस, परंतु कोणी ना कोणी तो सुचवीलच. नाशिकला राहून मुंबईत नोकरी करायची. एखाद्या सकाळी सातच्या आधी नाशिकरोडच्या फलाटावर जाऊन उभी राहा. मनमाडहून येणारी पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून इथल्या नोकरदारांना मुंबईला नेते-आणते आहे. गाडी थांबताच पासधारक आपापल्या ठरलेल्या डब्यात शिरतात, कोणी खिडकीला डोके टेकून डोळे मिटतो, कोणी डबा उघडतो, आणि कसारा घाट उतरेपर्यंत अर्ध्या गाडीची झोप झालेली असते. त्या डब्यांतील माणसांनी एकमेकांच्या घरची लग्ने आणि दुखणी निभावली आहेत, आणि त्यांच्या त्या स्नेहाविषयी मला मनापासून आदर आहे. पण जाऊन-येऊन सात-साडेसात तास रुळांवर जातात. ज्यांच्या घरी लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत, त्यांनी नाइलाजाने हे पत्करावे. तुझ्या वयात आणि तुझ्या परिस्थितीत मी हा मार्ग सुचवणार नाही.

परतीच्या वाटेचा विचार मात्र आजच करून ठेव. पुणे नाशिकपासून साधारण २१० किलोमीटर आहे. दोन शहरांमध्ये सरळ लोहमार्ग नाही, त्यामुळे भिस्त रस्त्यावर, आणि त्या रस्त्यात चाकणची वाहतूक कोंडी आहे. तरीही रात्री फोन आला तर सकाळपर्यंत तू घरी असशील. बेंगळुरूहून कर्नाटक एक्स्प्रेसने मनमाडला उतरायचे म्हटले तर जवळजवळ अख्खा दिवस लागतो, आणि नाशिकच्या ओझर विमानतळावरची विमाने सोयीची असली तरी त्यांच्या वेळा कायम राहतील असे धरून आयुष्याची आखणी करू नये. तुझ्या वडिलांचे मागच्या वर्षीचे आजारपण तू पाहिले आहेस. ते स्वतः तुला थांब म्हणणार नाहीत, हे मी त्यांच्या इतक्या वर्षांच्या स्नेहामुळे खात्रीने सांगतो. म्हणूनच हा प्रश्न तू त्यांच्यापुढे काढला पाहिजेस.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात भाड्याचा करार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुदत अकराच महिन्यांची असली तरी नोंदणी टाळू देऊ नकोस. बेंगळुरूत अनामत रक्कम आपल्याकडच्या मानाने मोठी मागतात आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे त्यातून कापून घेण्याची रीत आहे, तेव्हा ते आधीच लिहून घे. तुझी एमएच-१५ क्रमांकाची स्कूटर कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा अधिक ठेवायची झाली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी नाशिकच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. बाकीचे पत्ते यथावकाश बदलता येतील.

भाषेची भीती तू व्यक्त केली आहेस. बेंगळुरूला जायचे ठरले तर जाण्याआधीच कन्नड शिकायला लाग. कचेरीत इंग्रजीवर निभावते, पण भाजीवाली, रिक्षावाला आणि घरमालकीण यांच्याशी ज्याला दोन वाक्ये बोलता येतात, त्याला ते शहर वेगळ्या तऱ्हेने वागवते. आम्ही अहमदाबादला गेलो तेव्हा माझ्या पत्नीने पहिल्या महिन्यात दुधाच्या केंद्रावर गुजराती शिकून घेतले, आणि शेजारचे दार पहिल्यांदा उघडले ते त्यामुळेच. महाराष्ट्र मंडळ तिथे आहे, गणपतीला अवश्य जा, पण केवळ त्याच वर्तुळात राहू नकोस.

आणखी एक सांगतो. नव्या गावात पहिले काही आठवडे नवलाईत जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, विशेषतः रविवारी संध्याकाळी, फार एकटे वाटते. मी हे स्वतः अनुभवले आहे आणि माझ्या हाताखाली बदलून आलेल्या तरुण अधिकाऱ्यांतही दर वेळी पाहिले आहे. त्या दिवसांत राजीनामा लिहायचा नाही आणि त्याआधीच्या नवलाईच्या दिवसांत घराचे बुकिंग करायचे नाही. पहिला अकरा महिन्यांचा करार पुरा होऊ दे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ दे, मग ठरव. परत यावेसे वाटले तर संकोच करू नकोस. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके मुंबई, बडोदा, गोध्रा अशी ठिकाणे पालथी घालून, लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, आणि १९१३ मध्ये मुंबईत पहिला चित्रपट दाखवून झाल्यावर त्यांनी कामाचा पसारा नाशिकलाच आणला. त्यांच्या त्या परतण्याला कोणी हार म्हटले नाही.

माझा कल विचारशील तर आज तो पुण्याकडे आहे, आणि त्याचे कारण तुझ्या वडिलांची प्रकृती. पण वाकडच्या चार दिवसांनंतर तुझी टिपणे वेगळे काही सांगत असतील तर माझा कल बाजूला ठेव. दोन्ही कंपन्यांना आजच लिही आणि उत्तरासाठी तीन आठवड्यांची मुदत माग. माणूस खरोखर हवा असेल तर तेवढी मुदत मिळते. रजेचा अर्ज सोमवारी दे. पुण्याहून आल्यावर टिपणांची वही घेऊन घरी ये, आपण ती आई-बाबांसमवेत बसून वाचू.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका