वाचकांचे प्रश्न : पाठीमागची भिंत

प्रश्न : मी बडोद्यात चित्रकला शिकते. गेल्या हिवाळ्यात एका मित्राच्या चौदा मिनिटांच्या लघुपटासाठी मी प्रॉडक्शन डिझायनर म्हणून, म्हणजे जागा, रंग आणि वस्तू ठरवणारी म्हणून काम केले. कथा १९८४ सालची आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका मराठी कारकुनाच्या मुलीला पाहून गेलेल्या मंडळींचे पुण्याहून पत्र यायचे आहे आणि सगळे घर त्या पत्राची वाट पाहत आहे. ओळखीच्या एका कुटुंबाच्या जुन्या घरात दोन दिवसांत चित्रीकरण झाले. मला मिळालेले अकरा हजार रुपये मी जवळजवळ सगळे वस्तूंवर खर्च केले. ग्रामोफोन, डायलचा काळा फोन आणि पानदान शुक्रवारी बाजारातून आणले. पितळी डबे आणि भांडी नातेवाइकांकडून मागून घेतली. तरीही लघुपट पाहून आमचे एक शिक्षक म्हणाले, की घर जुन्या सामानाच्या दुकानासारखे वाटते आणि नटांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. माझे नेमके काय चुकले? आणि चित्रकलेच्या विद्यार्थिनीने हे काम पुन्हा अंगावर घ्यावे का?
— एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : तुम्ही पत्रासोबत लघुपटातली चार दृश्ये पाठवली आहेत. त्या चारही दृश्यांत निम्म्याहून अधिक जागा एका पांढऱ्याशुभ्र भिंतीने व्यापलेली आहे आणि तुमच्या दोन पानी पत्रात त्या भिंतीचा एकदाही उल्लेख नाही. तुमचे जे काही चुकले, ते मला येथे दिसते.

लहान खोलीत कॅमेरा ठेवला की नट भिंतीला जवळजवळ टेकूनच उभे राहतात, कारण मागे सरकायला जागाच नसते. त्यामुळे प्रेक्षक दृश्यभर जे सर्वाधिक पाहतो ती भिंत असते, आणि पितळी डबा त्या मानाने अंगठ्याएवढा दिसतो. पांढरी भिंत तर सर्वांत त्रासदायक, कारण ती खोलीतला प्रकाश चहूकडे परतवते, सावल्या पुसून टाकते आणि स्वतःच दृश्यातली सर्वांत उजळ गोष्ट होऊन बसते. छायाचित्रकाराने भिंत जळू नये, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसू नये, म्हणून प्रकाश कमी घेतला की आपल्याकडचे सावळे, गव्हाळ चेहरे अंधारात जातात. चेहऱ्यासाठी प्रकाश वाढवला की मागे नुसता पांढरा पडदा उरतो. तुमच्या शिक्षकांना चेहरे आठवेनात, त्याचा दोष मी नटांना किंवा छायाचित्रकाराला देणार नाही. भिंत चेहऱ्यापेक्षा एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) गडद ठेवावी, एवढा साधा हिशेब तुम्हाला चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवला असणार, फक्त तेथे त्याला छटांचा तोल म्हणतात. पुढच्या वेळी चित्रीकरणाआधी त्या खोलीत कोणाला तरी उभे करून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. चेहरा आणि भिंत एकाच करड्या छटेत मिसळत असतील, तर रंग कितीही सुंदर असला तरी तो बदलावा लागेल.

शिवाय १९८४ सालच्या त्या घराला अशी भिंत असणेही कठीण. जुन्या मराठी घरांत दिवाळीआधी चुन्यात थोडी नीळ टाकून सफेदी करीत, त्यामुळे भिंत पांढरी म्हटली तरी निळसर आणि खडबडीत दिसे; किंचित ऐपत असली की खालच्या तीन-चार फुटांना हिरव्या वा निळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारीत, कारण तेवढ्याच भागाला हात, डोकी आणि मुलांची दप्तरे लागत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा तुम्ही पाहिलाच असेल. तेथली एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रे हा वेगळा विषय झाला आणि कारकुनाच्या घराशी त्यांचा संबंध नाही. पण त्या काळच्या लाकडाचा काळसर तांबूस रंग आणि त्याच्या शेजारच्या भिंतीचा रंग एकमेकांना कसे सांभाळून घेतात, हे पाहण्यासाठी तेथे एक दुपार घालवावी.

रंग निवडताना मी केलेली चूक तुम्ही करू नये म्हणून सांगतो. माझ्या पहिल्याच लघुपटात मी एका खोलीला पिस्त्याच्या रंगाचे डिस्टेंपर दिले. दुपारी खिडकीच्या उजेडात भिंत फार सुरेख दिसली आणि मी निर्धास्त झालो. दृश्य मात्र रात्रीचे होते आणि पिवळ्या दिव्यांखाली, म्हणजे साधारण ३२०० केल्विनच्या प्रकाशात, तोच रंग मळकट पिवळा होऊन बसला. त्या रात्री छायाचित्रकार आणि मी भिंतीसमोर उभे राहून दीड तास भांडलो, आणि भांडण मीच हरलो. तेव्हापासून ज्या दिव्यात चित्रीकरण व्हायचे त्याच दिव्यात, हातभर लांबीचा नमुना पूर्ण वाळल्यावर मी रंग ठरवतो. चुन्याच्या बाबतीत वाळण्याची वाट पाहणे अधिकच आवश्यक, कारण ओला चुना आणि वाळलेला चुना यांच्या छटा अगदी वेगळ्या असतात.

घरमालक भिंत रंगवू देत नसतील, आणि बहुधा देणार नाहीत, तर लाकडी चौकटींवर मांजरपाट ताणून, त्यावर खळ आणि रंग देऊन नाटकवाले फ्लॅट बनवतात तसे दोन फ्लॅट बनवून घ्यावेत. कॅमेरा ज्या दोन भिंतींकडे पाहणार आहे त्यांच्यापुरतेच ते पुरतात. अकरा हजारांतली निम्मी रक्कम यावर गेली असती, तरी मी ती योग्य ठिकाणी खर्च झाली असे म्हटले असते.

रंग झाला की भिंतीवर माणसे राहिलेली दिसायला हवीत. आजोबा ज्या जागी पलंगावर टेकून बसतात, तेथे त्यांच्या डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा गोलसर डाग असतो. स्विचबोर्डाभोवती बोटांचा काळेपणा असतो, झोपाळ्याखालच्या फरशीवर पाय घासून गुळगुळीत झालेली जागा असते, आणि मागच्या वर्षीचे कॅलेंडर काढले की खिळ्याखाली एक फिकट चौकोन उरतो. चहाचे पाणी आणि पातळ केलेला मातकट रंग यांनी हे सगळे एका संध्याकाळी करता येते. तुमच्या दुसऱ्या दृश्यात पांढऱ्या प्लॅस्टिकचा नव्या पद्धतीचा स्विचबोर्ड मुलीच्या खांद्यामागे स्पष्ट दिसतो. त्यावर लाकडी पाटी आणि काळी गोल बटणे बसवणे एका दुपारचे काम होते. वायरी झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या निदान भिंतीच्या रंगात रंगवायच्या होत्या.

आता वस्तूंविषयी. ग्रामोफोन आणि पानदान तुम्ही ‘जुने’ म्हणून आणले. हे घर १९८४ सालच्या कारकुनाचे आहे, तेथे ट्रान्झिस्टर आणि सुपारीची साधी डबी असेल. काळ्या फोनने मात्र कथेलाच धक्का दिला आहे. त्या काळात सामान्य घराला टेलिफोन मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि म्हणूनच ही माणसे पत्राची वाट पाहत आहेत. घरात फोन दिसला की प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, की पुण्याला फोन लावून विचारत का नाहीत? दिग्दर्शकाच्याही हे लक्षात आले नाही, याचे आश्चर्य वाटते, पण पटकथा हातात घेऊन प्रत्येक वस्तूला ‘ही येथे कशी आली’ असे विचारणे हे तुमचे काम होते. याउलट ते निळे आंतर्देशीय पत्र उत्तम जमले आहे. पत्त्यात ‘बडोदे’ असे लिहिले आहे आणि पुढे ३९० ने सुरू होणारा पिन कोड आहे, जो १९७२ पासून वापरात असल्याने काळाशी जुळतो. स्वयंपाकघरातल्या पुडीवर मात्र शाकाहाराचा हिरवा ठिपका राहून गेला. तो २००१ नंतरचा आहे. रुपयाचे चिन्ह २०१० साली आले, त्यामुळे किंमत छापलेली आजची कोणतीही पुडी अशा दृश्यात पाठ फिरवूनच ठेवावी लागते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मराठी चित्रपटाचे नेपथ्य उभे केले ते चित्रकारांनीच. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले फत्तेलाल हे मूळचे रंग-कुंचल्याचे लोक होते, आणि दादासाहेब फाळके तर तुमच्याच गावच्या कलाभवनात शिकून गेले.

प्रश्न : आमच्या विद्यार्थी-लघुपटात सगळी सजावट मी एकट्याने केली. श्रेयनामावलीत ‘कलादिग्दर्शक’ लिहावे की ‘प्रॉडक्शन डिझायनर’? दिग्दर्शकाचा आग्रह दुसऱ्या शब्दासाठी आहे, कारण तो मोठा वाटतो.
— एक विद्यार्थी, बडोदे

उत्तर : दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांच्यासोबत बसून संपूर्ण चित्रपटाचे रंग, पोत, जागा आणि त्यांचे दृश्यागणिक बदलणे ज्याने ठरवले, तो प्रॉडक्शन डिझायनर, ठरलेले प्रत्यक्ष उभे करून घेणारा कलादिग्दर्शक. हॉलिवूडमध्ये १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातल्या विल्यम कॅमेरॉन मेंझीस यांच्या कामासाठी प्रॉडक्शन डिझायनर हे पद रूढ झाले, ते त्यांनी अख्खा चित्रपट दृश्यादृश्याने रेखाटून ठेवला होता म्हणून. तुम्ही चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी जाऊन खोली सजवली असेल, तर ‘कलादिग्दर्शन’ हा शब्द पुरेसा आणि प्रामाणिक आहे. त्याच्याखाली घर वापरू देणाऱ्या कुटुंबाचे आणि भांडी देणाऱ्या काकू-मावश्यांचे आभार अवश्य लिहा, उसन्या वस्तूंची यादी फोटोंसह ठेवून प्रत्येक वस्तू ज्याची त्याला पोहोचवा, आणि त्यांची भिंत होती तशी करून देण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरा.