विंचू घरात येऊ नये म्हणून

प्रश्न : आमच्या नागपुरातील घरामागे मोकळा प्लॉट असून पावसाळा लागल्यापासून न्हाणीघरात दोनदा विंचू निघाला. औषध फवारावे काय?

उत्तर : केवळ फवारणीवर विसंबू नये. विंचू झुरळे आणि रातकिडे खाण्यासाठी येतो, तेव्हा आधी त्यांचा बंदोबस्त करावा. मागच्या भिंतीला टेकवलेल्या विटा, जुने कवेलू आणि उन्हाळा संपताच काढून ठेवलेल्या कूलरच्या ताट्या या त्याच्या आवडत्या जागा होत. त्या जाड हातमोजे घालूनच हलवाव्यात. मोरीवर बारीक जाळी आणि दाराखाली रबरी पट्टी लावावी. गुळगुळीत टाइल्सवर त्याला चढता येत नाही, खडबडीत भिंतीवर मात्र तो सहज चढतो, म्हणून पलंग भिंतीपासून दूर सरकवावा. रात्री नोटा तपासण्याच्या अतिनील टॉर्चने कोपरे पाहावेत. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो आणि (हे एकदा पाहिले की विसरत नाही) धुळीतही लपत नाही.

लाल विंचू डसल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी मंत्र-उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेले प्राझोसिन हे औषध जितके लवकर मिळेल तितके बरे.