वाचक विचारतात : बंद पडणारा ऑनलाइन गेम लोकवर्गणीतून वाचतो का?

प्रश्न : मी ज्या ऑनलाइन गेममध्ये सहा वर्षं खेळतोय तो तीन महिन्यांत बंद होणार, अशी नोटीस आली आहे. कंपनी भारतातलीच, छोटी आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर आम्ही खेळाडूंनी 20 लाख रुपये गोळा करायचं ठरवलंय. गेम वाचेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : 20 लाख जमतीलही, पण त्यातून नेमकं काय विकत घेताय हे आधी ठरवा. ऑनलाइन गेम ही एकदा बांधून झालेली इमारत नाही. तो रोज चालवावा लागतो, आणि चालवण्याचा खर्च दर महिन्याला दारात उभा असतो.

छोट्या गेमचा एक नमुना-हिशेब मांडू. सर्व्हरचं भाडं 60 हजार, एक प्रोग्रामर 1 लाख 20 हजार, खेळाडूंच्या तक्रारी बघणारा एक माणूस 50 हजार, आणि बॅकअप, हल्ल्यांपासून संरक्षण, सॉफ्टवेअरचे परवाने, सीए असं मिळून 40 हजार. महिन्याला 2 लाख 70 हजार झाले. यात सर्व्हर पाव हिस्साही नाही. खेळाडू मात्र ‘सर्व्हरचे पैसे आम्ही भरतो’ एवढंच म्हणतात आणि पहिली चूक इथेच होते.

आता तुमचे 20 लाख. वर्गणी गोळा करणारी वेबसाइट आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे पोचवणारी सेवा) मिळून 8 टक्के कापतील असं धरू, म्हणजे 1 लाख 60 हजार गेले. वर्गणीच्या बदल्यात गेममधली वस्तू दिली तर ती विक्रीच ठरते. कंपनी जीएसटीत नोंदलेली असेल तर 20 लाखांतच कर आला असं धरून 18 टक्क्यांच्या हिशेबाने आणखी 3 लाख 5 हजार जातील. हातात उरले 15 लाख 35 हजार. गेमचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला 70 हजार धरलं तर तूट 2 लाखांची. म्हणजे तुमच्या वर्गणीवर गेम साडेसात महिने चालेल. आठव्या महिन्यात तीच नोटीस पुन्हा येईल, आणि तेव्हा लोकांचा खिसाही रिकामा असेल आणि उमेदही.

शिवाय ते 70 हजार तरी टिकतील का? बंद होण्याची बातमी फुटली की नवे खेळाडू येत नाहीत आणि जुने खरेदी थांबवतात. वर्गणी देणारे आणि एरवी खरेदी करणारे हे बहुतेक तेच लोक असतात. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे गेले, असं होतं.

म्हणून एकरकमी वर्गणी मागायचीच तर ती ठरावीक कामासाठी मागा : जुना महाग सर्व्हर बदलून खर्च निम्म्यावर आणणं, गेम दुसऱ्या मालकाकडे सोपवणं, किंवा खेळाडूंना स्वतःच्या संगणकावर चालवता येईल अशी आवृत्ती बनवून घेणं. दरमहाची तूट दरमहाच्या वर्गणीनेच भरते. 2 लाखांसाठी 250 रुपये देणारी 800 माणसं लागतील. फुकट खेळता येणाऱ्या गेममध्ये पैसे देणारे सहसा शंभरात दोन-पाचच असतात. तुमचे रोजचे खेळाडू चार हजार असतील तर दर पाचातला एक हवा. हे जमेल का, ते तुम्हालाच माहीत.

प्रश्न : अशा प्रकारे खरोखर वाचलेला एखादा गेम आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, पण वाचण्याची वाट प्रत्येकाची निराळी.

‘मिस्ट ऑनलाइन : उरू लाइव्ह’ 2008 मध्ये बंद झाला. मूळ स्टुडिओ सायनने फेब्रुवारी 2010 मध्ये तो पुन्हा सुरू केला, खेळायला पूर्ण मोफत आणि खेळाडूंच्या देणग्यांवर. 2011 मध्ये इंजिनाचा, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या मूळ सॉफ्टवेअरचा, कोडही कुणालाही वापरता येईल असा खुला केला. हे जमलं, कारण मालकाचीच इच्छा होती आणि पगारी चमूचा बोजा देणग्यांवर टाकला नव्हता.

‘रायझम’ची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या सर्वात जवळची. डिसेंबर 2006 मध्ये तो बनवणारी फ्रेंच कंपनी नेव्हराक्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत होती. गेम विकत घेऊन खुला करायचा म्हणून चाहत्यांनी मोहीम काढली. खुल्या सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने 60 हजार डॉलर द्यायची तयारी दाखवली. तरी गेम दुसऱ्या कंपनीकडे गेला. कोड खुला झाला तो 2010 मध्ये, पुढच्या मालकाच्या हातून. वर्गणीची तयारी पक्की असली तरी मालकी ठरवणारा दुसराच कुणी असतो, हे इथे दिसलं.

‘ग्लिच’ 2012 च्या डिसेंबरमध्ये बंद झाला, तेव्हा चमूने अलीकडच्या खरेदीचे पैसे खेळाडूंना परत देऊ केले. पुढच्या वर्षी गेमची बरीचशी चित्रं सर्वांसाठी खुली केली. त्याच चमूने पुढे स्लॅक हे ऑफिसातल्या संवादाचं अ‍ॅप काढलं. माझ्या मते बंद करण्याची ही सर्वात सभ्य पद्धत.

आणि ‘सिटी ऑफ हीरोज’. 30 नोव्हेंबर 2012 ला बंद झाला, 2019 मध्ये चाहत्यांचे सर्व्हर उघडपणे सुरू झाले आणि जानेवारी 2024 मध्ये गेमचे हक्क असलेल्या एनसीसॉफ्ट कंपनीने ‘होमकमिंग’ या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. त्यांची वर्गणीची पद्धत उचलण्यासारखी आहे : महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम जाहीर करायची आणि ती भरली की देणगी घेणं बंद करायचं. जास्तीचा पैसा साठत नाही, त्यामुळे त्यावरून भांडणंही होत नाहीत.

प्रश्न : कंपनी स्वतःच वर्गणी मागतेय. देण्याआधी काय विचारावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : गेमचे आणि त्यातल्या संगीताचे हक्क कुणाकडे आहेत ते पहिल्यांदा विचारा. हक्क प्रकाशकाकडे (गेम बाजारात आणणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे) असतील तर चमूचा शब्द कितीही प्रामाणिक असला तरी उपयोग नाही. मग दरमहा खर्च आणि उत्पन्नाचा आकडा मागा. तो देत नसतील तर पैसे देऊ नका. रक्कम पुरी जमली नाही तर पैसे परत कधी आणि कसे मिळतील, हे लेखी हवं. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या परदेशी वेबसाइटवर उद्दिष्ट गाठलं नाही तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत, पण भारतातल्या कंपनीला तिथे प्रकल्प टाकता येत नाही, त्यामुळे इथल्या मोहिमेत ही अट स्वतः घालून घ्यावी लागते. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागत असतील तर थांबा. कंपनीला दिलेल्या पैशावर आयकरात 80जीची सूट मिळत नाही, तसं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे.

प्रश्न : परदेशी गेमला दरमहा 5 डॉलरची देणगी लावली होती. पहिला महिना गेली, नंतर फेल. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मॅन्डेट (पैसे कापायची आगाऊ संमती) नोंदवावं लागतं आणि पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेची सूचना यावी लागते. परदेशी वेबसाइटने ती सोय केलेली नसेल तर बँक व्यवहार नाकारते. पहिल्या वेळी तुम्ही ओटीपी दिला म्हणून तो गेला. दरमहाऐवजी वर्षाची रक्कम एकदम द्या. मोहीम चालवणाऱ्यांनाही हे कळवा. भारतातले देणगीदार गळतात ते अनेकदा इच्छा नसल्यामुळे नव्हे, तर कार्ड नाकारल्यामुळे.

प्रश्न : काहीच जमलं नाही आणि गेम बंद होणारच असेल, तर उरलेल्या दिवसांत काय करावं? (एक वाचक, पणजी)

उत्तर : सर्व्हर चालू आहे तोवर जे करता येतं ते नंतर करता येत नाही. तुमच्या संगणकावर गेमची चित्रं, आवाज, नकाशे असतात. राक्षस कुठे उभा राहील, वस्तू कितीला मिळेल, कुठलं वाक्य केव्हा बोललं जाईल, हे सहसा सर्व्हर ठरवतो. त्याची नोंद फक्त सर्व्हर आणि तुमचा संगणक यांच्यातल्या बोलण्यात उमटते. वायरशार्कसारख्या, नेटवर्कवरची ये-जा टिपणाऱ्या साधनाने या बोलण्याचे तुकडे (पॅकेट) साठवता येतात, अर्थात गेमच्या अटी वाचून. मजकूर गुप्तलिपीत जात असेल तर किल्ली नसताना ही नोंद निरुपयोगी ठरते, म्हणून पहिल्याच दिवशी एक छोटी फाइल उघडून तपासा. रोज वेगवेगळ्या भागात फिरा, प्रत्येक दुकान उघडा, प्रत्येक पात्राशी बोला, आणि फाइलच्या नावात तारीख, गेमची आवृत्ती आणि जागा लिहा. नाव नसलेल्या शंभर फाइलींचा पुढे कुणालाच उपयोग होत नाही.

‘सिटी ऑफ हीरोज’ बंद होण्याआधी चाहत्यांनी आपापल्या पात्रांची माहिती उतरवून घेणारं साधन बनवलं होतं. तेवढं जमलं नाही तर पात्राच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. आणि कंपनीला शेवटची एकच विनंती करा : सर्व्हरचा कोड आणि खेळाडूंची खासगी माहिती काढून टाकलेला डेटाबेस कुठे तरी जपून ठेवा, आणि ती प्रत एकदा दुसऱ्या मशीनवर चालवून बघा. कधीच उघडून न पाहिलेला बॅकअप ऐन वेळी अर्धवट निघतो.