सायकॉलॉजिस्ट म्हणाला 'भान नव्हतं', मग आरोपी सुटतो का?

प्रश्न: एका खुनाच्या खटल्याच्या बातम्या रोज वाचतेय. बचाव पक्षाचा सायकॉलॉजिस्ट म्हणतो आरोपीला तेव्हा भान नव्हतं, सरकारी बाजूचा म्हणतो पूर्ण भान होतं. डिग्र्या सारख्याच, मग विश्वास कोणावर ठेवायचा? आणि आरोपी नाटक करत असेल तर यांना कळतं तरी कसं?

उत्तर: नाटकाचं आधी सांगते, कारण ते भारी आहे. टॉम नावाची एक टेस्ट असते. 50 साधी चित्रं दाखवायची, मग जोड्या दाखवून विचारायचं, यातलं आधी कुठलं पाहिलं होतंस? ज्याला खरंच काहीच आठवत नाही तोसुद्धा नुसत्या अंदाजाने 25 च्या आसपास बरोबर देतो, आणि एखाद्याचे 10च बरोबर आले तर? म्हणजे उत्तर माहीत होतं आणि मुद्दाम चुकीचं दिलं. अर्थात स्मरणशक्तीचं नाटक पकडलं म्हणून आजार नाहीच असं होत नाही, दोन्ही एकत्र असू शकतं.

आणि आजार आहे म्हणजे सुटला असंही नसतं हो. 1843 च्या मॅकनॉटन खटल्यानंतर इंग्लंडात जो नियम ठरला त्याची छाप बऱ्याच देशांच्या कायद्यात आजही आहे, त्यात प्रश्न एवढाच की आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे आरोपीला त्या वेळी कळत होतं का. निकाल न्यायाधीश नाहीतर ज्युरी देणार, तज्ज्ञ नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा हिंक्ली 1982 मध्ये मानसिक आजाराच्या कारणाने निर्दोष ठरला, लोक जाम भडकले, पण तो घरी नाही गेला, 2016 पर्यंत हॉस्पिटलच्या ताब्यात होता.

आता विश्वासाचं. 2013 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात शंभरावर तज्ज्ञांना त्याच त्या फाइल्स दिल्या, काहींना सांगितलं तुम्ही सरकारी बाजूचे, काहींना बचावाचे, आणि स्वतःला सरकारी बाजूचे समजणाऱ्यांनी फाइलमधल्या गुन्हेगारांना सरासरीने जास्त धोकादायक ठरवलं! हे लबाड होते असं मला वाटत नाही, आपण कोणाच्या बाजूने आलोय ते नकळत डोक्यात शिरतं. म्हणून मी मत बाजूला ठेवून उलटतपासणी वाचते. आरोपीला गुन्ह्यानंतर किती दिवसांनी भेटलात, जुने उपचाराचे कागद पाहिले का, घरच्यांशी बोललात का, की फक्त त्याने सांगितलं ते लिहून घेतलं? तुमच्या खटल्यात यातलं काय काय विचारलं गेलं ते बघा आणि कळवा मला.