वाचकांचे प्रश्न : वडिलांचा रेझर वापरू की जपून ठेवू?

प्रश्न : माझे वडील बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत एक जड रेझर सापडला. दांड्याच्या तळाची घुंडी फिरवली की माथ्यावरची दोन झाकणे उघडायला हवीत, पण ती आता जाम झाली आहे. मानेशी १ ते ९ आकड्यांची कडी आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला जिलेटचे नाव, ‘मेड इन यूएसए’ आणि ‘एच-२’ अशी अक्षरे आहेत. सांध्यांत पांढरट-हिरवे काही साचले आहे. नवा मुलामा देऊन शोकेसमध्ये ठेवावा म्हणतो. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलामा देऊ नका आणि शोकेसमध्येही ठेवू नका. हा दाढी करायचा रेझर आहे आणि तुम्ही सांगता त्यावरून तो आजही उत्तम दाढी करील.

हा जिलेटचा ‘स्लिम अ‍ॅडजस्टेबल’. १९६१ ते १९६८ या काळातला. त्या काळच्या जिलेटवर अक्षर वर्षाचे आणि आकडा तिमाहीचा असतो. एच म्हणजे १९६२, २ म्हणजे एप्रिल ते जून. वडिलांच्या नोकरीच्या कागदांशी हे ताडून पाहा, कोणत्या सफरीत घेतला असेल याचा अंदाज लागू शकेल.

मुलाम्याला माझा विरोध का, ते सांगतो. मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. प्लेटिंगवाला आधी जुना थर काढतो, मग ती वस्तू बफच्या, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या, चाकावर धरतो. चाकाखाली गेलेली कड गोल होतेच. या रेझरच्या झाकणांच्या कडा पाते सारखे दाबून धरतात; त्या घासल्या गेल्या की पाते एका बाजूला जास्त डोकावते आणि गाल कापतो. शिवाय दांड्यावरचे बारीक खाचांचे नक्षीकाम बुजते. वडिलांची बोटे जिथे टेकत होती तिथला निकेलचा मुलामा थोडा पातळ झाला असेल, तर तो तसाच राहू द्या.

साफ करायला कोमट पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण पुरे. पाणी उकळते नको. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मऊ टूथब्रशने घासा. पांढरे आहे तो साबण आणि पाण्यातले क्षार, हिरवा आहे तो आतल्या पितळेला चढलेला कळंक. घुंडी पकडीने, पान्याने फिरवू नका. आतला बारीक दांडा पिळला गेला तर दुरुस्त करणारा मिळत नाही. भिजवा, हलकेच हलवून पाहा, पुन्हा भिजवा. सुटली की शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सांध्यात सोडा. घरात पितळ दिसले की चिंच आणि पितळ उजळायची पावडर पुढे येते, ती इथे कटाक्षाने टाळा. निकेल उतरला की परत येत नाही. सोनेरी मुलाम्याचे रेझर तर याने हमखास बिघडतात. शेवटी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या.

आता पाते घाला. आजचे कोणतेही दुधारी पाते यात बसते. झाकणे मिटल्यावर रेझर उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का पाहा. हे रोज पाहा. कडी फिरवली की पाते आणि खालचा कठडा यांच्यातली फट कमीजास्त होते: १ सर्वांत सौम्य, ९ सर्वांत आक्रमक. आकडा बदलताना घुंडी थोडी सैल करून मगच कडी फिरवा. सुरुवात ३ वर करा. बहुतेकांना ५ च्या पुढे जायची गरज पडत नाही.

हात मात्र नव्याने बसवावा लागेल. प्लॅस्टिकच्या रेझरची सवय असलेला माणूस दाबतो, आणि दाबले की कापते. माथा गालावर सपाट टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा. पाते केसाला लागल्याचा करकर आवाज आला की तिथेच थांबा. तोच कोन. पुढचे काम रेझरच्या वजनाने होते. पहिला हात केसांच्या कलानेच, तोही आखूड आखूड. हनुवटीखाली केसांचा कल बदलतो, तो आधी बोटाने चाचपा. मग थंड पाणी आणि ओली तुरटी.

प्रश्न : आजोबांचा तीन भागांत सुटणारा, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा रेझर आहे. विकला तर किती येतील? — एक वाचिका, सोलापूर

उत्तर : फार नाही. किंग कॅम्प जिलेट आणि इंजिनिअर विल्यम निकरसन यांनी १९०३ मध्ये विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर खपले. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर गेले. महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सरकारने सुमारे ३५ लाख घेतले. इतक्या मोठ्या संख्येने बनलेली वस्तू दुर्मिळ कशी ठरणार? कंपनीने रेझर स्वस्तात वाटले आणि पात्यांवर पैसा केला, असे सांगतात. पण सुरुवातीला रेझरची किंमत ५ डॉलर होती, तेव्हाच्या मानाने चांगली घसघशीत. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त रेझर आले. घरात दाढी करणारे कोणी असेल तर त्याला द्या. आजचे पाते त्यातही बसते.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एक चपटा पत्र्याचा डबा घेतला. एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडे, मध्ये जाड पाते आणि पुढेमागे ओढायचा दांडा. हे काय आहे? — एक वाचक, नगर

उत्तर : छान वस्तू मिळाली! हा ‘रोल्स रेझर’, लंडनच्या क्रिकलवूडचा. पाते फेकायचेच नाही, ही त्याची कल्पना. दांडा पुढेमागे केला की पाते दर फेरीला आपोआप उलटते आणि दोन्ही अंगांनी घासले जाते. दगड क्वचित, चामडे रोज. मग पाते काढून छोट्या मुठीला लावायचे. याच नावाखाली पुढे धुलाईयंत्रे विकली गेली आणि १९६४ मध्ये कंपनी बुडाली. चामडे कडक झाले असेल तर आधी त्याला थोडे तेल पाजा. दगडाला तडा असेल तर त्यावर पाते अजिबात चालवू नका.

प्रश्न : जुन्या, न उघडलेल्या पात्यांची पाकिटे सापडली. वापरू का? — तेच वाचक

उत्तर : नको. १९६० च्या आधीची पाती बहुतेक साध्या कार्बन पोलादाची. स्टेनलेस पात्यांची लाट १९६२ च्या सुमारास विल्किन्सन स्वोर्डने आणली. जुनी पाती कागदातही गंजतात. वेष्टणे सुंदर असतात, ती जपा. दाढीला आजचे पाते घ्या, चार-पाच दाढ्यांनंतर बदला आणि वापरलेली पाती झाकणाला फट पाडलेल्या जुन्या डब्यात टाका. सुटे पाते कचऱ्यात गेले की कचरा वेचणारीचा हात कापतो.